बटण लावून दाखवा

कैसरबागेजवळच्या एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात आम्ही बसलोय. जानेवारीतलं लखनौचं धुकं अजून आवारातून हललेलं नाही. बाकावर मधे दाजी, एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला मी. दाजींचा उजवा हात शालीखाली आहे. कुणी जवळून गेलं की ते शाल अजून पुढं ओढतात. आज अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तो हात दाखवायलाच आलोय, पण सवय सुटत नाही.

विट्याच्या आसपासच्या दुष्काळी गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ पेठांत पोचली. दाजीही तसेच पोरवयात इथल्या ‘चौक’ बाजारात, गोल दरवाज्याच्या आतल्या गल्लीत आले. भट्टी, मूस, तेजाब यांतच आयुष्य गेलं. मग एकदा तेजाबाचं भांडं फुटलं. जखमा भरल्या, पण भरताना कातडी आखडत गेली. आता कोपर पुरतं उघडत नाही आणि बोटं तळव्याकडं वळून बसलीत. तापलेली मूस भट्टीतून उचलायला असला हात चालत नाही.

रांगेत मलिहाबादचा एक तरुण आहे, आंब्याच्या झाडावरून पडलेला. त्याच्यापुढं थॅलेसीमिया झालेली मुलगी. तिच्याकडं बघून काहीच कळत नाही, म्हणून लोक तिच्या आईला पुन्हापुन्हा विचारतात, ‘इसको क्या हुआ है?’ १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यानं ते २१ केले, म्हणून ती या रांगेत बसू शकते. आईला हे ठाऊक नसावं. ती फक्त नंबर आला का बघते.

फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्या पोराला मात्र किती टक्क्यांना कुठलं कार्ड मिळतं ते सगळं ठाऊक आहे. ‘चालीस से नीचे सफ़ेद पट्टी, चालीस से पीली, अस्सी से नीली. पेंशन चाहिए तो पीली लाइए, चाचा.’ पेन्शन म्हणजे महिना १००० रुपये. पूर्वी ५०० होते.

‘गावाकडं अडीच हजार झाल्यात म्हणं,’ दाजी मला म्हणतात.

झालेत खरं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५पासून २५०० मिळतात. पण महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो, आणि दाजींचं रेशनकार्ड, मतदान, पोरांच्या शाळा, सगळं लखनौचं.

‘म्हंजी तितं मी परदेशी आन् हितं मराठा,’ ते हसतात. चौकात त्यांना सगळे ‘मराठा भाई’च म्हणतात.

नंबर येतो. आत दोन डॉक्टर, टेबलावर छापील तक्ता. आधी कोपराला कोनमापक लावून किती वाकतं, किती उघडतं ते लिहून घेतात. मग तक्त्यातली दहा कामं सुरू होतात. डोक्यावरची वस्तू काढून परत जागेवर ठेवणं, नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीनं हातानं जेवणं, केस विंचरणं, कुर्ता घालणं, पेल्यातून पाणी पिणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं असली कामं. प्रत्येकाला ९ टक्के, मिळून ९०. त्याशिवाय तो हात मुख्य वापराचा असेल तर थोडी भर.

‘चाचा, ज़रा बटन लगाइए.’

दाजींचा डावा हात आपसूक पुढं जातो आणि स्वेटरचं बटण लागतंसुद्धा. दोन वर्षांत ते शिकलेत. ताई दातांखाली ओठ धरते. ‘डाव्यानं नगं की वो,’ ती पुटपुटते.

‘दाहिने से.’

आता खरी गंमत. जमलं नाही तरच टक्के मिळणार, आणि ज्या माणसानं जन्मभर ‘जमत नाही’ हा शब्द गिऱ्हाइकापुढं काढला नाही तो परक्या डॉक्टरपुढं जीव तोडून ते बटण काजात घालायला बघतोय. कपाळावर थंडीतही घाम. बटण सुटतं. पुन्हा धरतात. डॉक्टरच म्हणतात, ‘बस, बस. रहने दीजिए.’

‘बाईस कॅरेटचा टंच काढत हुतो, आज माझाच निघाला,’ दाजी मराठीत बोलतात. डॉक्टरांना कळत नाही, पण ते मान वर करून अगत्यानं विचारतात, ‘काम क्या करते थे आप?’

दाजी सांगतात. गलाई कशी होते, तेजाबात काय विरघळतं आणि तळाशी काय उरतं, चांगलं दोन मिनिटं. डॉक्टर मनापासून ऐकतात. पेन हलत नाही, कारण तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. या तक्त्याशी माझं फारसं भांडण नाही. बटण, नाडी, पेला कुणालाही तपासता येतात, आणि दोन जिल्ह्यांतले दोन डॉक्टर साधारण एकच आकडा काढतील. पण दाजींची अडचण बटणाची नाहीच. बटण ताई लावते.

टक्के नंतर कळणार. बाहेर झेरॉक्सवाला पुढचा कागद सांगतो, उत्पन्नाचा दाखला. शहरात वर्षाला ५६,४६० रुपयांच्या आत हवं.

‘शून्य लिव्हा,’ दाजी म्हणतात. ‘खरंच हाय.’

‘शून्य मत लिखवाइए, पूछेंगे खाते क्या हैं. तीन हज़ार महीना बोलिए.’

दाजी बोटांवर हिशेब करतात. ‘वर्साचं छत्तीस हजार,’ ते ताईला म्हणतात, ‘एवढं मिळत असतं तर हितं कशाला आलो असतो गं?’

ताई पिशवीतून आधार कार्ड काढते आणि पोराला सांगते, ‘तीनच लिख.’