पर्यटक म्हणून गेलेली मोलकरीण

गोंदिया स्थानकावरून मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. रोवणी आटोपली, तेंदूपानांचा हंगाम सरला, की या धानाच्या जिल्ह्यात हाताला काम नसलेल्या घरांचे डोळे त्या गाड्यांकडे लागतात. अशा वेळी ओळखीचाच कुणी ओसरीवर येऊन म्हणाला, "ताई, दुबईत घरकाम आहे, राहणे-खाणे फुकट," तर कर्जाने वाकलेल्या घराला देव पावल्यासारखे वाटेल. पण तिथेच एक प्रश्न विचारायला हवा : व्हिसा कसला?

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी न झालेल्या बाईला आखाती देशांत घरकामाला जायचे तर सरकारची परवानगी लागते. वयाची तिशी पूर्ण हवी, असाही नियम झाला. २०१६ मध्ये तर अशी भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच करण्याचा आदेश निघाला. दलाल ही सारी वाट टाळतो. तो तिला पर्यटक म्हणून विमानात बसवतो. दप्तरी ती फिरायला गेलेली असते. पोचते मात्र परक्या स्वयंपाकघरात.

तिथे 'कफाला' पद्धत. मालक हाच जामीनदार. पासपोर्ट बरेचदा त्याच्याच कपाटात. पगार थकला, मारहाण झाली म्हणून ती घराबाहेर पडली, तर फरारी तीच ठरते. २०२१ मध्ये सौदी अरेबियाने हे नियम सैल केले, पण घरकामगारांना त्यातून वगळले.

हे दुखणे केवळ आखाताचे नाही. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथे भारतीय अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. व्हिसासाठी दाखवलेला मोलकरणीचा पगार एक आणि ठरलेला दुसरा, असा आरोप होता. तो त्यांनी नाकारला. अटकेनंतरच्या वागणुकीवर महाराष्ट्रात घरोघर संताप झाला. मोलकरणीच्या पगाराची गोष्ट मात्र मागेच राहिली.

म्हणून जाणाऱ्या बाईच्या घरच्यांनी व्हिसावर 'काम' आहे की 'भेट', हे वाचता येणाऱ्याकडून आधी पाहून घ्यावे. एजंटाची सरकारी नोंदणी 'ई-मायग्रेट'वर तपासावी. पासपोर्टची आणि कराराची प्रत घरी ठेवावी.

मुलगी सासरी द्यायची तर आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. समुद्रापार पाठवताना निदान तेवढी तरी करावी.