मुलाला कॉलेजात घालावे की धंद्यावर बसवावे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कारागीर व व्यापारी बांधवांच्या घरात एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला पुढे शिकवावे, की दुकानावर, मागावर किंवा गॅरेजात बसवावे? गल्लीतला बी. ए. झालेला तरुण बेकार दिसतो आणि नववीत शाळा सोडलेला मिस्त्री रोज चार पैसे घरी आणतो. मग शिकून मिळाले काय, असा सवाल केला जातो. हा सवाल उडवून लावण्यासारखा नाही. परंतु माल घेताना आपण जसा हिशेब करतो, तसाच हिशेब येथेही मांडला पाहिजे, असे आम्हास वाटते.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. बहुतेक पालक फक्त फी मोजतात. खरा मोठा खर्च म्हणजे मुलाची बुडणारी कमाई. उदाहरणादाखल समजा, बारावी झालेला मुलगा कारखान्यात दिवसाला ४०० रुपये मिळवू शकतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १०,००० रुपये, वर्षाचे १,२०,००० आणि तीन वर्षांचे ३,६०,००० रुपये झाले. फी, पुस्तके व जाण्या-येण्याचे वर्षाला २०,००० धरा. एकूण ४,२०,००० रुपये मुलाच्या शिक्षणात गुंतले. पदवीमुळे त्याची कमाई महिना ५,००० रुपयांनी वाढणार असेल, तर ही रक्कम सात वर्षांत वसूल होते आणि पुढे सारा नफाच. वाढ २,००० रुपयांचीच असेल, तर साडेसतरा वर्षे लागतात. आकडे प्रत्येकाने आपल्या घरचे घालावेत, रीत हीच ठेवावी.

आता जमेची बाजू. येथे विचारावयाचा प्रश्न असा की, हातात पडणारा कागद कोणते बंद दार उघडतो? औषधाचे दुकान काढावयाचे तर नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतोच. बारावी विज्ञाननंतरचा दोन वर्षांचा डी. फार्म., प्रशिक्षण व नोंदणी यांनी ते दार उघडते. वीजजोडणीच्या कामाला परवाना लागतो आणि आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स तेथवर नेतो. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेस पदवी नसेल तर बसताच येत नाही. परंतु कोणतेही दार डोळ्यांपुढे न ठेवता, मित्र गेले म्हणून घेतलेला प्रवेश हा बहुधा तोट्याचा सौदा ठरतो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या वर्षी सोडलेले कॉलेज. त्यात पैसाही जातो आणि वर्षेही जातात.

काही बांधव म्हणतात, आमचा पिढीजात धंदा आहे, मुलाला कागद कशाला? मान्य. पण धंदाही पूर्वीचा राहिलेला नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. विवरणपत्रे, बँकेचे कर्ज, मोठ्या गिऱ्हाइकाशी लेखी करार ही कामे वाढली. दुकानदाराच्या मुलाने बी. कॉम. केले तर ते शिक्षण नोकरीसाठी नसून गल्ल्यासाठीच असते. शिवाय, उद्या माग बंद पडले तर केवळ नववी झालेल्या कारागिरापुढे दुसरी वाट राहत नाही. म्हणून निदान बारावीपर्यंत तरी शाळा सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेवरून असे दाखविले आहे की, २० वर्षांवरील लोकसंख्येत पदवी वा पदविका घेतलेले देशात सुमारे ७ टक्के, तर मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी होते. शिकूनही नोकरी मिळणार नाही, ही भावनाही समितीने नोंदविली. ती भावना निराधार नाही. परंतु तिच्यामुळे आपण स्वतःच दार लावून घेतले, तर नुकसान आपलेच होते.

घरची अडचण असेल तर मधले मार्ग आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दूरशिक्षणाने पदवी देते, त्यामुळे दुकान सांभाळून बी. ए., बी. कॉम. करता येते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात काम शिकताना विद्यावेतन मिळते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय कोर्स केलेल्या मुलास पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षास आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास जाता येते. म्हणजे हातात हुन्नर येतो आणि पुढची वाटही मोकळी राहते.

मुलींच्या बाबतीत हिशेब मांडलाच जात नाही, हे योग्य नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मोमीन, अन्सारी, अत्तार, बागवान, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. मात्र जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमी लेयर यांना महिने लागतात. मूल अकरावीत असतानाच अर्ज करावा. ऐनवेळी धावपळ करून हक्क बुडविणारे कुटुंब थोडे नाहीत.

तेव्हा निकालाची वाट न पाहता आजच एक कोरा कागद घ्या. एका बाजूस फी व बुडणारी कमाई लिहा, दुसऱ्या बाजूस उघडणारे दार. त्याखाली मुलाची किंवा मुलीची स्वतःची इच्छा लिहा, कारण अभ्यास त्यांनाच करावयाचा आहे. दार दिसत असेल तर पोटाला चिमटा घेऊनही शिकवा. दिसत नसेल तर हुन्नर शिकवा, पण तोही प्रमाणपत्रासह.