बैरसियातील गारपीट आणि ‘छह-चार’ची मदत

मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीने पीक बुडाले की शेतकऱ्याला मिळणारी सरकारी मदत राजस्व पुस्तक परिपत्राच्या सहाव्या खंडातील चौथ्या परिपत्रकानुसार ठरते. एवढे लांब नाव गावात कोणी घेत नाही. ‘छह-चार’ म्हटले की पटवाऱ्यापासून भोपाळच्या वल्लभ भवनापर्यंत, म्हणजे मंत्रालयापर्यंत, सगळ्यांना कळते.

भोपाळ जिल्ह्यातील शेतीचा मोठा भाग बैरसिया तहसिलीत आहे. तेथे खरिपात सोयाबीन, तर रब्बीत गहू आणि हरभरा. सोयाबीनचा घात काढणीच्या तोंडावरचा पाऊस करतो आणि शेंगेतच मोड फुटतात. रब्बीची भीती फेब्रुवारी-मार्चमधल्या गारांची.

नुकसान झाले की कलेक्टरच्या आदेशाने सर्वेक्षण होते. महाराष्ट्रात तलाठी जे काम करतो, ते येथे पटवारी आपल्या हलक्यात, म्हणजे सज्जात, करतो. सोबत कृषी विभागाचा आणि पंचायतीचा माणूस असतो. खसऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या नोंदीवरून, शेत ओळखायचे, पीक पाहायचे आणि हानीची टक्केवारी लिहायची. सगळी मदत या एका आकड्यावर उभी असते आणि तो बराचसा नजरेचा असतो. हरभऱ्याचे घाटे झडलेले लगेच दिसतात. आडव्या पडलेल्या गव्हाची ओंबी मात्र शाबूत दिसते. दाणा बारीक राहिला हे मळणीतच कळते. यादी पंचायतीत लावून हरकती घेण्याची सोय यासाठीच आहे. त्यानंतर तहसील कार्यालयातून प्रकरण मंजूर होऊन पैसे बँक खात्यात जातात.

केंद्राच्या निकषांत 2015 पर्यंत निम्मे पीक गेल्याशिवाय मदत नव्हती. त्या वर्षी ही अट 33 टक्क्यांवर आली. 2022 ते 2026 या काळासाठी कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000 रुपये, तेही 2 हेक्टरांपर्यंत, असा दर ठरला. पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. मध्य प्रदेशासारख्या राज्यांत त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25 टक्के. ‘छह-चार’मध्ये 25 ते 33 टक्के हानीचीही पायरी आहे. केंद्राच्या दराहून जास्त द्यायचे तर भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. मार्च 2023 मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी निम्म्याहून अधिक हानीसाठी हेक्टरी 32,000 रुपये जाहीर केले होते. गावात या रकमेला ‘मुआवजा’ म्हणतात. केंद्राच्या निकषांत ती निविष्ठा अनुदान आहे, म्हणजे पुढच्या पेरणीचे बी-खत घेण्यापुरता हातभार. गेलेल्या पिकाचा बाजारभाव त्यात धरलेलाच नाही.

ते नुकसान काही अंशी भरून काढायचे काम पीक विम्याचे. प्रधानमंत्री फसल बीमा योजनेची मार्गदर्शक तत्त्वे 18 फेब्रुवारी 2016 रोजी भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातच प्रसिद्ध झाली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का. मुख्य पिकांची भरपाई पीक कापणी प्रयोगांवरून साऱ्या हलक्याच्या सरासरी उत्पन्नावर ठरते. त्यामुळे एकाच शेतकऱ्याला ‘छह-चार’चे पैसे मिळतात आणि विम्याचे मिळत नाहीत, असे घडू शकते. गारपिटीसारखी स्थानिक हानी शेतनिहाय मोजतात. पण तिची सूचना 72 तासांत द्यावी लागते, आणि नेमक्या याच मुदतीत अनेक दावे अडतात.

बटाईदाराची गत आणखी बिकट. पैसे ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या खात्यात जातात. बटाईदाराच्या हितासाठी राज्याने 2016 मध्ये कायदा केला, पण तो लेखी करारावर चालतो, आणि बटाई बहुतेक ठिकाणी तोंडी ठरते.