मापात पाप नको : पेट्रोलचा पंप आणि ऑस्ट्रेलियाचे सिनेट

मापात पाप करू नये, असे आपले वाडवडील सांगत. पायली, शेर, मापटे, चिपटे ही नावे आता आपल्या बेटावर वृद्धांच्या तोंडीच काय ती उरली असतील. पण त्या मापांचा एक गुण होता. धान्य मापणाऱ्याने हात किती दाबला, वर रास किती ठेवली, हे घेणाऱ्याला समोर दिसत असे. पेट्रोलचे तसे नाही. नळी टाकीत जाते, तेल कोणाला दिसत नाही, आणि आपण पाहतो ते फक्त पंपावरचे आकडे. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून आपण पैसे मोजतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले व भावंडे आज मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे स्थायिक आहेत. तिकडे अंतरे मोठी, म्हणून मोटार ही चैन नव्हे, गरज होय. तेव्हा तेथील पंपाचे माप कोण ठरवतो, आणि ठरवणाऱ्यावर कोणाची नजर असते, हे आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरावा.

प्रथम पंपाकडे पाहू. आत एक मापकयंत्र असते. तेल त्यातून गेले की त्याचा दांडा फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर विजेचे ठराविक ठोके निघतात. ते मोजून पंप लिटर व पैसे दाखवतो. यंत्र झिजते, म्हणून चूक होणारच. किती चूक चालवून घ्यायची, हे ठरवावे लागते. १९५५ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरील पंपासाठी अर्धा टक्का ही मर्यादा सुचवली आहे, आणि ऑस्ट्रेलियाचे नियम त्याच शिफारशीवर बेतलेले आहेत. अर्धा टक्का म्हणजे ५० लिटरला पाव लिटर. चूक गिऱ्हाइकाच्या बाजूने होवो वा दुकानदाराच्या, मर्यादा तीच.

मर्यादा कमी बाजूला वापरत राहण्याचा मोह मात्र दुकानदारालाच व्हायचा. युरोपने आपल्या मापन-निर्देशात स्पष्ट लिहिले, की या सवलतीचा फायदा उठवू नये आणि कोणा एका पक्षाला सतत झुकते माप देऊ नये. आमच्या मते चुकीची मुभा म्हणजे नफ्याचा परवाना नव्हे, हे इतक्याच उघड शब्दांत सगळीकडे लिहिले पाहिजे.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. १९०१ च्या तेथील राज्यघटनेने वजनेमापांविषयी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला दिला. तरी व्यापारातील मापे तपासण्याचे काम राज्यांकडेच राहिले, तेही तब्बल १०९ वर्षे. राज्य बदलले की निरीक्षक बदलायचा. शेवटी १९६० च्या राष्ट्रीय मापन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै २०१० पासून हे काम राष्ट्रीय मापन संस्थेकडे आले. पंपाच्या नमुन्याला आधी या संस्थेची मान्यता लागते. मग परवानाधारक तपासनीस प्रत्यक्ष पंप तपासून त्यावर खूण करतो. हा तपासनीस बहुधा खाजगी माणूस असतो, सरकारी निरीक्षक नंतर अचानक येतो. अर्धा टक्का, खुणेचे स्वरूप, तपासण्याची रीत, या साऱ्याचा तपशील कायद्यात नाही. तो नियमांत आहे, आणि नियम सरकारी कचेरीत तयार होतात. त्यांच्यावर संसदेत वादविवाद होत नाही.

म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाला हात घालणारी गोष्ट खासदारांच्या पाठीमागे ठरते का? तसे होऊ नये म्हणून सिनेटची उपविधान समिती आहे. तिचा जन्म १९३२ सालचा. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत पंतप्रधान स्कलिन यांचे मजूर सरकार गोदी कामगारांविषयी नियम करी, विरोधकांचे बहुमत असलेले सिनेट ते नामंजूर करी, आणि सरकार तेच नियम पुन्हा काढी. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आज कायदा असा आहे, की नामंजूर झालेला नियम तसाच पुन्हा सहा महिने आणता येत नाही.

समितीचे सभासद सहा, निम्मे सरकार पक्षाचे व निम्मे इतर. वर्षाला हजारावर नियम यांच्या नजरेखालून जातात, मदतीला एक कायदेपंडित असतो. नियम नोंदला की बैठकीच्या सहा दिवसांच्या आत तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. पुढे बैठकीचे १५ दिवस कोणाही सिनेटरला तो नामंजूर करण्याची सूचना देता येते. सभागृह रोज भरत नसल्याने हे १५ दिवस दोन-तीन महिनेही चालतात. यातली खरी मेख पुढे आहे. सूचना दिल्यावर आणखी १५ बैठकींत तिचा निकाल लागला नाही, तर नियम आपोआप रद्द होतो. सरकारने वेळ काढून नेण्याची सोयच उरत नाही. म्हणून समिती पुष्कळदा आधी सूचना देऊन ठेवते आणि मग मंत्र्याला पत्र लिहिते. मंत्री बहुधा खुलासा करतो, किंवा दुरुस्तीचे आश्वासन देतो, आणि सूचना मागे घेतली जाते. आरडाओरडा होत नाही, वर्तमानपत्रात बातमी येत नाही.

समिती विचारते तरी काय? अर्धा टक्का बरा की पाव टक्का, हे ती विचारत नाही. ते धोरण झाले, आणि धोरणात न पडण्याचा तिचा रिवाज आहे. तिचे प्रश्न वेगळे असतात. हा नियम करण्याचा अधिकार मूळ कायद्याने दिला आहे का? हेतू सिद्ध न करता दंड होणार असेल, तर त्याला कारण काय? परवाना नाकारला गेला, तर त्याविरुद्ध दाद कोठे मागायची? आणि नियमात एखाद्या बाहेरच्या मानक-पुस्तकाचा हवाला असेल, तर ते पुस्तक सामान्य माणसाला फुकट वाचता येते का?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. यंत्रांच्या नियमांत अशी मानके ठायी ठायी येतात, आणि त्यांतली कित्येक विकत घ्यावी लागतात. लहान गावातला पंपवाला ज्या नियमाने दंड भरणार, तो वाचायलाच त्याने पैसे मोजावेत, ही रीत चांगली नव्हे. समितीने वर्षानुवर्षे या मुद्द्यावर मंत्र्यांचा पिच्छा पुरवला आहे. या देशात बहुतेक नियम सुमारे १० वर्षांनी आपोआप संपतात. मुदत पुढे ढकलता येते, पण कचेरीला जुना कागद पुन्हा उघडून पाहावाच लागतो.

भारतातही ही व्यवस्था आहे, आणि तिच्याशी एक मराठी नाव जोडलेले आहे. लोकसभेची अशी समिती १९५३ साली प्रथम नेमली गेली, तेव्हा सभापती होते दादासाहेब मावळणकर, मूळचे कोकणातल्या घराण्यातले व अहमदाबादला स्थायिक झालेले. भारतातील पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते, आणि गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात तेल ओतून दाखवावे लागते. तरीही २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रात पंपच्या पंप सापडले. आत चोरून बसवलेला इलेक्ट्रॉनिक तुकडा मघाशी सांगितलेल्या ठोक्यांतच गडबड करीत होता. नियम चोख होते, पण पंप उघडून पाहणारा हात उशिरा पोचला. निरीक्षक किती नेमायचे आणि ते किती वेळा जायचे, हे सिनेटची समितीही ठरवू शकत नाही. तो पैशांचा प्रश्न आहे.

आणखी एक प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो, तो उष्णतेचा. पेट्रोल तापले की फुगते, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. ऑस्ट्रेलियात मोठ्या साठ्यावरून दुकानदाराला जाणाऱ्या तेलाचा हिशेब १५ अंशांवर आणून केला जातो. गिऱ्हाइकाला मात्र पंपातून येईल ते तेल, येईल त्या उष्णतेचे, लिटरवर मिळते. जमिनीखालच्या टाकीतले तेल २५ अंशांवर असेल, तर ५० लिटरमागे सुमारे अर्ध्या लिटरचा फरक पडतो. पंपाच्या चुकीला दिलेल्या मुभेच्या हा दुप्पट झाला! आणि यंत्र मात्र बिनचूक चाललेले असते. थंडीत व थंड प्रदेशात हा हिशेब उलटतो. कॅनडात पंपच १५ अंशांचा हिशेब करून आकडा दाखवू शकतो. डार्विनसारख्या उष्ण शहरात याचा लाभ कोणाकडे झुकतो, ते वाचकांनीच ताडावे.

तिकडे मुलांना भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नळी टाकीत घालण्यापूर्वी पंपाचा आकडा शून्यावर आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि पंपावर किमान मापाचा एक आकडा छापलेला असतो, त्याहून कमी तेल घेऊ नये, कारण अचूकतेची हमी त्या आकड्यापासून पुढेच लागू होते. शंका आली तर पंपाचा क्रमांक, वेळ व पावती जपून ठेवावी आणि राष्ट्रीय मापन संस्थेकडे तक्रार करावी.