डोळ्यांतले पाणी आणि अरुंद झालेला अश्रुमार्ग

घरातील ज्येष्ठांचा एक डोळा दिवसभर पाझरत राहतो. पदराने किंवा उपरण्याच्या टोकाने तो टिपणे सवयीचे होऊन जाते आणि ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून तक्रार मागे पडते. बारामती आणि इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मात्र हे दुर्लक्ष दृष्टीवर बेतू शकते.

अश्रू डोळ्याला सतत ओलावा देतात. वापरून झालेले अश्रू दोन्ही पापण्यांच्या नाकाकडील कोपऱ्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून बारीक नलिकांत, तेथून अश्रुपिशवीत आणि शेवटी नाकात उतरतात. रडताना नाक वाहते, ते यामुळेच. उतारवयात या मार्गाचा खालचा भाग अरुंद होऊ लागतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. जुनी सूज, नाकाचे विकार किंवा चेहऱ्याला झालेली इजा हीही कारणे असू शकतात.

मार्ग तुंबला की पाणी गालावर ओघळते. पिशवीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, कोपऱ्यात चिकट स्राव किंवा पू दिसू लागतो. यालाच आपल्याकडे ‘लासरू’ म्हणतात. दुखत नाही म्हणून अनेक जण ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात.

खरा धोका येथेच आहे. उसाच्या धारदार पात्याने बुबुळावर साधा ओरखडा उठला, तरी पिशवीतले जंतू त्या जखमेत शिरून व्रण होऊ शकतो. तो भरला तरी पांढरे फूल राहून नजर अधू होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही हे जंतू डोळ्याच्या आत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर अश्रुमार्ग तपासतात. ‘आधी लासरूचे उपचार करा’ असे त्यांनी सांगितल्यास ती टाळाटाळ समजू नये.

तपासणी सोपी असते. डोळा बधिर करून बोथट सुईने छिद्रातून सलाईनचे पाणी सोडतात. ते घशात उतरून खारट चव लागली, तर मार्ग मोकळा. परत बाहेर आले, तर अडथळा आहे. मात्र पाणी येण्याचे कारण नेहमी हेच नसते. पापणी आत किंवा बाहेर वळणे, डोळा कोरडा पडणे यांमुळेही पाणी येते. म्हणून निदान घरी करू नये.

तान्ह्या बाळाचा अश्रुमार्ग बंद असल्यास कोपऱ्यावरील मालिशने तो बहुधा वर्षभरात उघडतो. वृद्धांचा अरुंद मार्ग मालिशने उघडत नाही. थेंबांनी संसर्ग तात्पुरता आटोक्यात येतो. मार्ग पूर्ण बंद असल्यास शस्त्रक्रिया हाच टिकाऊ उपाय ठरतो. तीत अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामध्ये नवी वाट तयार करतात. इटलीतील टोटी यांनी १९०४ मध्ये मांडलेली ही पद्धत आता नाकातून दुर्बिणीनेही करता येते. प्रकृती फारच नाजूक असल्यास कधी केवळ पिशवी काढतात; पाणी येत राहते, पण संसर्गाचे मूळ जाते.

सांभाळ करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्वच्छ, ओल्या कापडाने डोळा हलकेच टिपावा. मध, तूप, कांद्याचा रस किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंब घालू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह आणि रक्तदाब यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. उसाच्या फडात जाताना चष्मा घालावा. कोपऱ्यात लाल, ठणकणारी गाठ आली, ताप आला, नजर अंधुक झाली किंवा डोळ्याला पाते लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. गाठ दाबू नये.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील नेत्रविभागात विचारणा करता येईल. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधीच आपण आपल्या आई-वडिलांचा पाझरणारा डोळा तपासून घ्यावा.