मसाल्याच्या डब्यातली जादू

आमटी सांडलेल्या शर्टावर साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो, हे घरोघरी पाहिलेलं असतं. त्याचाच हा खेळ.

चमचाभर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये कालवा (गॅसपासून दूर, ते पेट घेतं) आणि कोऱ्या कागदावर कापसाने फासा. नुसत्या पाण्यात रंग फिका बसतो, कारण हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कागद वाळला की कपड्यांच्या साबणाचं दाट पाणी काडीने घेऊन लिहा. अक्षरं लाल उमटतात! वर लिंबू पिळा, ती पुन्हा पिवळी. अल्कलीत लाल, आम्लात पिवळं, एवढंच त्यामागचं रसायन. पूर्वी कुंकूही हळदीला अल्कली देऊनच लाल करत.

मुलांना सगळ्यात आवडतो तो याचा उलटा प्रकार. पांढऱ्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निरोप लिहून वाळवायचा. काहीच दिसत नाही. मग वरून त्याच हळदीच्या मिश्रणात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा, की लपलेली अक्षरं लाल दिसू लागतात. आजी-आजोबांकडून लिहून घ्या आणि नातवंडांना वाचायला द्या. अक्षरं उमटताना त्यांचा आरडाओरडा ऐकण्यासारखा असतो.

खाली रद्दी अंथरा. हळदीचे डाग सहज जात नाहीत.