जुन्या मेमरी मॉड्यूलची क्षमता ओळखण्याची पद्धत

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील काही उपकरणे जुन्या संगणकांवरच चालतात. अशा संगणकातील मेमरी मॉड्यूल बदलावयाचे झाल्यास त्याची क्षमता निश्चित ठाऊक असणे आवश्यक ठरते. तथापि मॉड्यूलवर ती छापलेली असतेच असे नाही आणि आकारावरून किंवा केवळ चिप्सच्या संख्येवरून केलेला अंदाज चुकतो.

क्षमता ठरते ती प्रत्येक चिपच्या अंतर्गत रचनेवरून. उदाहरणार्थ, ७२ पिनांच्या सिम मॉड्यूलवरील चिपवर उत्पादकाच्या अक्षरांपुढे ५१४४०० हा क्रमांक असल्यास तिची रचना १ मेगा × ४, म्हणजे ४ मेगाबिट असते. ८ बिटांचा एक बाइट होत असल्याने अशा ८ चिप्सची एकूण क्षमता ४ मेगाबाइट होते. क्रमांक ५११७४०० असल्यास प्रत्येक चिप १६ मेगाबिटची असते. तितक्याच ८ चिप्सचे मॉड्यूल १६ मेगाबाइटचे ठरते.

या गणनेत दोन चुका संभवतात. पॅरिटीच्या चिप्स त्रुटी ओळखण्यासाठी असतात. त्या क्षमतेत धरू नयेत. ३० पिनांच्या मॉड्यूलवर १ मेगाबिटच्या ९ चिप्स असल्या तरी क्षमता १ मेगाबाइटच राहते. तसेच क्रमांकाच्या शेवटी जोडलेले ६० किंवा ७० हे आकडे नॅनोसेकंदांतील प्रतिसादकाल दर्शवितात, क्षमता नव्हे.

सारांश, मॉड्यूलच्या दोन्ही बाजू तपासून, चिपचा क्रमांक वाचून मगच गणना करावी. अन्यथा उपयुक्त मॉड्यूल निरुपयोगी समजून भंगारात जाण्याचा संभव असतो.